तोंड न उघडता तोंडी परीक्षा

कूलरमध्ये नवी खस भरून पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या मुळांचा जो वास सुटतो, तो नागपूरकराला वर्षातून एकदाच मिळतो. त्या वासानं म्हणे मन शांत होतं. माझं डोकं तापतं.

परवा कूलरवाला खसच्या ताट्या बदलून गेला. मोटर सुरू झाली, पाणी झिरपलं, आणि आमचे हे खुर्चीत डोळे मिटून म्हणाले, "चला, उन्हाळा आला." मी स्वयंपाकघरातून ओरडले, "तोंडी परीक्षा आली म्हणा!" इतक्या वर्षांच्या संसारात कोणत्या वासाला गप्प बसायचं, हे त्यांना चांगलं कळलंय.

मी मराठीची शिक्षिका. अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे आमची शाळा आहे. निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत, त्यामुळे सहकाऱ्यांना वाटतं की आता बाईंचा ताप उतरेल. उतरत नाही. दरवर्षी फेब्रुवारी सरत आला की चढतो.

खरं तर हा मोसम देखणा असतो. सकाळी पातळ शाल लागते आणि दुपारी स्कूटीच्या सीटवर बसवत नाही. शेजारच्या काकांच्या अंगणातलं एकुलतं एक संत्र्याचं झाड फुलतं आणि सबंध गल्ली गोड होते. रामटेककडे जावं तर दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. पोरी तोंडाला दुपट्टे गुंडाळून सायकली हाणत असतात, पोट्टे टपरीवर पोह्यांवर तर्री ओतून घेत एकमेकांना 'अपेक्षित' प्रश्न विचारत असतात. आणि आमच्या शिक्षक-खोलीत चहाच्या ट्रेशेजारी एक काम चाललेलं असतं. त्याचं नाव तोंडी परीक्षेचे गुण भरणे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलाला बोलता येतं का, दुसऱ्याचं ऐकून कळतं का, आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचवता येतं का, हे पाहण्यासाठी ही परीक्षा असते. भाषेच्या विषयात याहून जिवंत दुसरं काय असणार? आमच्याकडे ती अशी होते: एक जण नाव वाचतो, दुसरा विचारतो, "कसा आहे?" तिसरा बिस्कीट चहात बुडवत म्हणतो, "बरा आहे." मग बऱ्याचे गुण पडतात. हुशाराला हुशाराचे, बऱ्याला बऱ्याचे. चहा संपायच्या आत अख्ख्या वर्गाची तोंडी परीक्षा आटोपते आणि एकाही पोराला तोंड उघडावं लागत नाही. पोरं त्या वेळी मैदानात खो-खो खेळत असतात. माणसानं निदान लाजावं तरी! पण नाही. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं, वेळ कुठे आहे, अभ्यासक्रम संपवायचाय.

कोणता अभ्यासक्रम? तर फाटक्या पुस्तकाचे मनोगत. म्हाताऱ्या वडाचे मनोगत. तुटक्या छत्रीची कैफियत. आमच्या वर्गांत पुस्तकं बोलतात, झाडं बोलतात, छत्र्या रडतात, नदीसुद्धा 'मी नदी बोलतेय' म्हणून सुरू होते. फक्त समोर बसलेली पोरं तेवढी बोलत नाहीत. त्यांना आम्ही हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवायला शिकवलेलं असतं. नववीतल्या मुलाला गाईड पाठ करून तुटक्या छत्रीचं दुःख लिहिता येतं. पण काल त्याच्या घरात काय झालं ते सांग म्हटलं तर तो खाली बघतो.

जाहिरातलेखन शिकवतानाही तेच. चौकट आखायची, चौकटीला नक्षी काढायची, वर ठळक अक्षरात 'त्वरा करा! त्वरा करा!' लिहायचं. नक्षीला गुण, त्वरेला गुण. एका वर्षी मी रक्तदान शिबिराची जाहिरात लिहायला दिली, तर अर्ध्या वर्गानं लिहून आणलं, 'त्वरा करा! साठा मर्यादित!' मी हसले आणि मग मला रडू यायचं बाकी राहिलं. त्या मुलांचा काय दोष? आपण कोणाला सांगतोय, का सांगतोय, ऐकणारा कोण, त्याच्याकडे वेळ किती, हे आम्ही त्यांना कधी विचारलेलंच नव्हतं.

यंदा वरून नवं पत्रक आलं. भाषेच्या तासाला मुलांनी शब्द, चित्र, आवाज, अभिनय अशी सगळी माध्यमं वापरून आपलं म्हणणं मांडावं, त्याचंच मूल्यमापन करावं. पत्रकात त्याला 'बहुमाध्यम अभिव्यक्ती' असं भारदस्त नाव दिलं होतं. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि मूर्खासारखी खूश झाले. संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमच्या पर्यवेक्षकांनी, झाडे सरांनी, एक तयार सादरीकरण टाकलं. कोपऱ्यात सूर्यफूल, मागे संथ बासरी, विषय 'रस्ता सुरक्षा', पहिल्या चित्रात पांढरेशुभ्र पट्टे आणि हात धरून चालणारी गोरीगोमटी मुलं. खाली सूचना: फक्त विद्यार्थ्याचे नाव बदलावे.

रस्ता सुरक्षा! आमच्या शाळेनं? मी फोन पालथा ठेवला. नाहीतर तो भिंतीवर गेला असता.

कारण रस्त्याविषयीचं एक खरं सादरीकरण मी ऐकलंय. याच शाळेत, याच मोसमात, काही वर्षांपूर्वी.

त्या वर्षी माझ्या मनानं घेतलं होतं की गुण चहासोबत भरायचे नाहीत, एकेकाचं ऐकायचं. मी नववीच्या वर्गात सांगितलं, "तुम्हाला कोणाला तरी काहीतरी सांगायचं असेलच. ते सांगा. बोलून सांगा, काढून दाखवा, वाजवून दाखवा, नाचून दाखवा. अट एकच. ज्याला सांगताय त्याला ते कळलं पाहिजे."

मग मागून एकानं विचारलं, "मॅडम, हे गाईडमधी कोन्या पानावर हाये?"

"गाईडमध्ये नाही."

"मंग आनाचं कुठून?" तो खरोखरच घाबरला होता.

पण आणलं त्यांनी. एकानं चौकातल्या पोहेवाल्याची सकाळ नुसत्या हातवाऱ्यांनी उभी केली, तर्री वाढताना मनगट कसं वळतं तेसुद्धा. एकीनं आजी आणि आई एकाच घरात एकमेकींशी न बोलता भांड्यांच्या आवाजातून कशा भांडतात, ते दोन ताटं आणि एक पातेलं घेऊन वाजवून दाखवलं. वर्ग हसून लोटपोट झाला, आणि भांडण कोणी जिंकलं ते सगळ्यांना बरोबर कळलं. पोरं माझ्या तासाची वाट पाहू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं फार वेळा झालेलं नाही.

आणि मग प्रणालीची पाळी आली.

प्रणाली वाडीला गोडाऊनच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत राहायची. आई गोडाऊनमध्ये खोकी भरायच्या कामावर, वडील उमरेडकडे कोळशाच्या गाडीवर, अधूनमधून घरी यायचे. पोरगी रोज उशिरा यायची. का, विचारलं तर एवढंच म्हणायची, "ट्रक होते." लेखी परीक्षेत तिची छत्री दोन ओळी रडून थांबायची. आईनं तिला सांगूनच ठेवलं होतं. पालकसभेत मलाही सांगितलं, "पास झाली तं दहावीत पाठवीन मॅडम. नापास झाली तं माझ्यासंगं गोडाऊनले नेईन. तिचा जीव लागत नसन तं कायले वर्स घालवा?" बाई वाईट नव्हती. सरळ होती. बाकीच्या विषयांत प्रणाली कशीबशी काठावर होती आणि मराठीत काठाच्या खाली. तोंडी परीक्षेचे गुण नीट मिळाले तर ती वर येणार होती. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, झाडे सरांनाही माहीत होतं.

ती उठली, फळ्याजवळ गेली आणि खडूनं वरून दिसावा तसा रस्ता काढला. इकडे गोडाऊनचं फाटक, तिकडे वळण, पलीकडे चहाची टपरी आणि टपरीपासून शाळेकडे येणारी पायवाट. मग आईचा मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "सारे जन डोळे मिटा. मॅडम, तुमी बी."

मी मिटले.

मोबाइलमधून रस्ता सुरू झाला. हॉर्न, घरघर, कोणाची तरी शिवी, पुन्हा घरघर. त्यावर तिचा आवाज, न चढवलेला, बाजूला उभं राहून हात धरून सांगावं तसा. "हा भरेल हाये. आवाज आयका, कन्हून राहिला. हा थांबतो म्हटलं तरी थांबत नाई. याले जाऊ द्या." मग थोड्या वेळानं, "हा रिकामा. मागची साखळी वाजून राहिली. हा जोरात येते. वाटते दूर हाये, पन नसते. पाय नोका काढू." मग पुन्हा एक, त्याच्यामागे पुन्हा एक. मला वाटू लागलं, हे संपणारच नाही. रोज सकाळी ही पोर दप्तर पाठीला लावून एवढा वेळ तिथे उभी असते आणि मी तिच्या नावापुढे लाल शेरा मारते, उशीर. मग अचानक आवाज विरळ झाला. दूर कुठेतरी टपरीवरचा कप वाजला. ती म्हणाली, "आता चला."

आणि बाकांखाली पाय हलले. सगळ्यांचे. डोळे मिटलेल्या साऱ्या वर्गानं बसल्या जागी पाऊल उचललं. मला ते ऐकू आलं.

याला संवाद नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मी डोळे उघडले आणि विचारलं, "हे तू आम्हाला सांगितलंस. ट्रकवाल्याला काय सांगशील?" तिनं फळ्यावर लिहिलं, 'सावधान! विद्यार्थी रस्ता ओलांडत आहेत.' वर्ग तुटून पडला. ट्रकवाल्याले एवढं वाचाले टाइम कुठं हाये? तो पंजाबचा असन तं? तमिळ असन तं? तिनं वाक्य पुसून मूल काढलं, दप्तरवालं. एक जण म्हणाला, "पोट्टे तं ते रोजच पायतात वं. थांबते कोन?" ती फळ्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं ते मूलही पुसलं. त्या जागी रस्त्याच्या मधोमध एक चप्पल काढली. एकच. लहान पोराची, पट्टा तुटलेला, तुटलेल्या जागी सेफ्टी पिन लावलेली.

शेवटी गाईडचं पान विचारणारा तो पोरगा हळूच म्हणाला, "याच्यानं थांबन."

लिहिणं म्हणजे काय हे मी आयुष्यभर व्याख्या सांगून शिकवत आले. सांगायचं कोणाला आहे ते पाहून एकेक गोष्ट पुसत जाणं आणि शेवटी जे पुसता येत नाही तेवढंच ठेवणं, हे त्या तासाला अख्ख्या वर्गानं डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. मी प्रणालीला पूर्ण गुण दिले. त्यात दया नव्हती, तिचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी झाडे सर आले. माणूस तसा मनमिळाऊ, कोणाच्या घरी आजारपण असलं तर डबा पोचवणारा. मलाही त्यांनी किती वेळा बसस्टँडवर सोडलंय. म्हणाले, "मॅडम, मार्क द्या ना, कोन नाई म्हणते? पन तपासनीले फाइल लागते. ट्रकचा आवाज मी फाइलीले कसा पंच करू?"

"तो मी तिच्याकडून माझ्या फोनमध्ये घेतलाय. तपासणी करणाऱ्यांना ऐकवते."

"तसं नसते ना, मॅडम. साऱ्या पोट्ट्यांनी प्रकल्पाची फाइल देल्ली हाये. तिची नाई."

दिली होती साऱ्यांनी, खरंय. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळते. आत 'प्रदूषण: एक समस्या', वर चमकी, कडेला नक्षी, पहिल्या पानावर ऋणनिर्देश. ज्या मुख्याध्यापकांशी पोरगं जन्मात एक शब्द बोललेलं नाही, त्यांचे मनःपूर्वक आभार. एकाच्या फाइलीत तर शाळेचं नावही दुसऱ्याच शाळेचं होतं, दुकानदारानं बदलायचं राहून गेलेलं. त्या फाइलीला पूर्ण गुण मिळाले. आवरण सुबक होतं ना!

मी प्रणालीला बोलावून सांगितलं. ती गोंधळली. "मी तं केलं ना, मॅडम. साऱ्यायनं आयकलं. आता पुन्यांदा कायची फाइल?" वाद घालायला वेळ नव्हता. मी तिच्याकडून तोच रस्ता, तीच चप्पल कागदावर काढून घेतली, ती बोललेली वाक्यं तिच्या हातानं लिहून घेतली आणि स्वतः फाइल करून झाडे सरांच्या टेबलावर ठेवली. फाइल शेरे मारून परत आली. प्रस्तावना नाही, निष्कर्ष नाही, संदर्भसूची नाही. भाषा घरगुती. ऋणनिर्देश नाही.

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. ऋणनिर्देश? त्या पोरीनं आभार कोणाचे मानायचे, थांबलेल्या ट्रकचे? झाडे सर घाबरून हसले. "काहून टेन्शन घेऊन राहिल्या, मॅडम? होऊन जाते ना. मी पायतो. पोरीचं नुकसान नाई होऊ देत."

होऊन जाते ना! या तीन शब्दांवर आमची अर्धी व्यवस्था उभी आहे. त्यात वाईट हेतू नसतो, हेच तर वाईट असतं. कोणी कोणाचं नुकसान करत नाही, ते नुसतं होऊन जातं.

निकाल लागला तेव्हा मे महिना तापला होता. प्रणालीच्या निकालपत्रात मराठीच्या तोंडी परीक्षेसमोर लिहिलं होतं, गैरहजर.

शून्य नाही. नापास नाही. गैरहजर! फाइल जमा नसेल तर संगणक दुसरं काही घेतच नाही म्हणे. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले तेव्हा माझा आवाज बाहेरच्या पटांगणापर्यंत ऐकू जात होता, असं शिपायानं मला नंतर सांगितलं. जाऊ दे. त्या वर्गात जी पोर खऱ्या अर्थानं हजर होती, जिनं सगळ्यांना डोळे मिटून पाय उचलायला लावले, ती गैरहजर. आणि ज्याच्या फाइलीत दुसऱ्या शाळेचं नाव होतं, तो हजर! इतर वर्गांत तर खो-खो खेळणारे सगळेच्या सगळे हजर होते. मुख्याध्यापक म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज करा. मी केला. तो या टेबलावरून त्या टेबलावर गेला, तेवढ्यात शाळा उघडायची वेळ झाली. मग म्हणाले, फेरपरीक्षेला बसवा, तेच सोपं.

मी वाडीला गेले. खोलीत खोक्यांवर चिकटवायच्या पट्ट्यांचे गठ्ठे पडले होते आणि मायलेकी बसून त्या सोलत होत्या. आईनं उठून पाणी दिलं. मी म्हटलं, चूक शाळेची आहे, पोरगी पुन्हा बसेल, मी स्वतः शिकवीन. आई लेकीकडे बघून म्हणाली, "मी नाई म्हणत नाई वं, मॅडम. तिलेच इचारा."

प्रणालीनं मान वर केली नाही. "बोलली तरी गैरहजर," ती म्हणाली. "मंग आता जाऊन काय बोलू?"

पुढच्या सोमवारपासून ती आईबरोबर गोडाऊनला जायला लागली. पंधरा वर्षांची पोर. नंतरही मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दे म्हणून सांगून पाहिलं. ती हसून विषय बदलायची.

मात्र त्याच पावसाळ्यात एका सकाळी मी स्कूटीवरून जाताना वळणावर गोडाऊनच्या लांबच लांब भिंतीकडे लक्ष गेलं. ट्रकला मारतात त्या लाल ऑइलपेंटनं भिंतीवर एक चप्पल काढलेली होती. माणसाएवढी उंच. पट्टा तुटलेला, सेफ्टी पिन लावलेली. खाली एक अक्षर नाही. मी बाजूला थांबून पाहत राहिले. वळणावरून आलेल्या ट्रकनं वेग कमी केला. त्याच्या मागच्यानंही केला. सगळेच करत होते असं नाही म्हणणार, पण करत होते. पायवाटेवरची पोरं घोळक्यानं रस्ता ओलांडून शाळेकडे निघाली. गोडाऊनच्या मालकानं ती चप्पल पुसली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. रंग उडाला की दरवर्षी तोंडी परीक्षेच्या दिवसांत कोणीतरी ती पुन्हा लाल करतं. कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

आता गेल्या आठवड्यातलं. नव्या पत्रकासाठी मराठीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शहरातलं एक सभागृह, दोन्ही बाजूंना कूलर, आणि त्यांच्यात नवी खस. म्हणजे मी आत शिरले तीच तापून. प्रशिक्षण देणारी मुलगी तरुण होती, हुशार होती, मनापासून बोलत होती. तिचं पटतही होतं. वाचणारा कोण ते आधी ठरवा, म्हणाली. शब्द जिथे थकतात तिथे चित्राला बोलू द्या, म्हणाली. मी मान डोलावत होते.

मग तिनं पडद्यावर एक फोटो लावला. लाल चप्पल.

"मी अमरावती रोडनं येताना हा काढला," ती म्हणाली. "एकही शब्द नाही, पण वाक्य पूर्ण आहे. बहुमाध्यम अभिव्यक्ती म्हणजे काय, ते याहून चांगलं मला सांगता येणार नाही. आपल्या मुलांकडून असं काम व्हायला हवं. कोणी केलंय, माहीत नाही. अज्ञात कलाकार."

सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या झाडे सरांनी मोबाइल उंच धरून पडद्याचा फोटो काढला आणि माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, "मस्त हाये ना, मॅडम? आपल्याच बाजूचं हाये. फाइलीत लावू."

त्यांना आठवत नव्हतं. देवाशपथ सांगते, त्या माणसाला आठवत नव्हतं. खोटं बोलत असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

मी उभी राहिले. "अज्ञात नाही," मी म्हटलं. "तिचं नाव प्रणाली. ती आमच्या शाळेत होती. ही चप्पल तिनं आधी माझ्या वर्गाच्या फळ्यावर काढली, नववीच्या तोंडी परीक्षेत. तुम्ही आता जे सांगताय ते तिनं तेव्हा करून दाखवलं, आणि आम्ही तिला त्या परीक्षेत गैरहजर लावली. कारण तिच्या फाइलीत ऋणनिर्देश नव्हता. ती शाळेतून गेली. आज ती त्याच भिंतीच्या आत खोकी भरते."

सभागृहात फक्त कूलरचं पाणी पडत होतं. झाडे सर माझा पदर ओढल्यासारखं करत कुजबुजले, "बसा ना, मॅडम. काहून विषय वाढवून राहिल्या?" त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. आता आठवलं होतं. मी बसले नाही. ती तरुण मुलगी माइक हातात धरून नुसती उभी होती. मागून संयोजकांनी घोषणा केली की चहाची वेळ झाली आहे. आणि लोक चहाला गेले. बिस्किटंही होती.

संध्याकाळी मी घरी न जाता थेट वळणावर गेले. ऊन उतरलं होतं, धूळ तशीच होती. प्रणाली तिथेच होती. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. स्टुलावर चढून चपलेची पिन रंगवत होती. आता बाई झालीय चांगली. मला पाहून तिनं दुपट्टा खाली केला. मी तिला सगळं सांगितलं, फोटो, टाळ्या, अज्ञात कलाकार, आणि मी काय बोलले ते. बोलताना माझा आवाज पुन्हा चढला. वळणावरून एक ट्रक येत होता. तिनं बोटानं मला गप्प केलं, कान दिला, "भरेल हाये," म्हणून मला भिंतीकडे ओढलं. तो गेला. मग ती परत ब्रश बुडवत म्हणाली, "मंग आता तरी लागली का हजेरी, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ती पिनेवर ब्रश फिरवत राहिली. रागावली नव्हती. मला वाटतं, माझ्या वाट्याला येणारा तिचा रागही कधीच संपला होता.

"मंग लावा ना," ती म्हणाली. "तुमी तं आयकलं होतं."